विश्लेषण : सहा हजार कोटींच्या जर्नल खरेदीत ग्रंथपालाचा शब्द किती?

प्राध्यापक संशोधन करतात, लेख जर्नलला देतात आणि तेच जर्नल वाचण्यासाठी त्यांच्या संस्थेला वर्गणी भरावी लागते. कोणते जर्नल घ्यायचे, कोणते बंद करायचे, यात ग्रंथपालाचा सल्ला मोलाचा असे. आता मोठी खरेदी थेट केंद्र सरकार करते. मग बीड जिल्ह्यातल्या ग्रंथपालाच्या हाती काय उरले?

योजना काय आहे?

केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी रुपयांची तरतूद आहे. त्यात ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार जर्नल्स आहेत. ६,३०० हून अधिक सरकारी संस्था आणि सुमारे १.८० कोटी विद्यार्थी, प्राध्यापक व संशोधक यांच्यासाठी ती आहे. हिशेब केला तर वर्षाला माणशी साधारण ११०० रुपये होतात. अंमलबजावणी गांधीनगरचे ‘इन्फ्लिबनेट’ केंद्र करते.

बीडमध्ये कोणाला लाभ?

पहिला टप्पा सरकारी संस्थांसाठी आहे. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सरकारी असल्याने या गटात मोडते. जिल्ह्यातली बरीच महाविद्यालये मात्र शिक्षण संस्था चालवतात. बीडचे बलभीम, अंबाजोगाईचे योगेश्वरी ही त्यातली जुनी नावे. अशा महाविद्यालयांसाठी ‘इन्फ्लिबनेट’चीच ‘एन-लिस्ट’ सेवा आहे. वर्षाला काही हजार रुपयांत हजारो ई-जर्नल्स आणि ई-पुस्तके त्यातून मिळतात. ही वर्गणी वेळेवर भरावी यासाठी प्राचार्यांकडे पाठपुरावा करणारा माणूस म्हणजे ग्रंथपाल.

दिल्लीतून खरेदी, मग ग्रंथपाल कशाला?

जर्नल मिळाले म्हणजे वाचले गेले, असे नाही. संस्थेची नोंदणी, विद्यार्थ्यांची खाती, घरून मोबाइलवर लेख कसा उघडायचा हे शिकवणे, ही कामे महाविद्यालयातच होतात. कोणते जर्नल किती वेळा उघडले, याची नोंद प्रकाशकांकडे होत असते. पुढचा करार करताना ‘हे घ्या, ते वगळा’ म्हणायला हीच आकडेवारी कामी येते. वापरच झाला नाही, तर त्या महाविद्यालयाची गरज कागदावर दिसत नाही.

ग्रंथपालांनी ठरवले तर काय होऊ शकते, हे अमेरिकेत दिसले. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१९ मध्ये ‘एल्सेव्हिअर’ या बड्या प्रकाशकाशी करार वाढवायला नकार दिला. त्या वाटाघाटींत विद्यापीठाचे ग्रंथपाल पुढे होते. २०२१ मध्ये नवा करार झाला, तो विद्यापीठाच्या संशोधकांचे लेख सर्वांना मोफत वाचता यावेत, या अटीवर.

लेख छापायचे पैसे कुठे जातात?

खर्चाची दुसरी बाजू इथे आहे. अनेक जर्नल्स लेख छापण्यासाठी लेखकाकडूनच शुल्क घेतात. निवडक दर्जेदार खुल्या जर्नल्समध्ये लेख यावेत म्हणून केंद्राने वर्षाला १५० कोटींची वेगळी तरतूद केली आहे. पण पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या बोगस जर्नल्सचा बाजारही मोठा आहे. मान्य जर्नल्सची ‘यूजीसी-केअर’ यादी आयोगाने बंद केली असून, दर्जा तपासण्याची जबाबदारी आता संस्थांवर आली आहे. पीएच.डी. करणाऱ्याने खिशातून पैसे भरण्याआधी ग्रंथपालाला विचारले, तर फसवणूक तिथेच थांबू शकते.

पुढे काय?

सध्याची तरतूद २०२७ अखेरपर्यंत आहे. यादीत भर मोठ्या परदेशी, इंग्रजी प्रकाशकांवर आहे. मराठीतली संशोधनपत्रिका हवी असेल, तर महाविद्यालयाच्या ग्रंथालय समितीतच मागणी करावी लागेल. म्हणून महाविद्यालयाने ग्रंथपालाचे पद रिकामे ठेवणे परवडणारे नाही. विद्यार्थ्यांनीही एक करावे : आपले महाविद्यालय कोणत्या योजनेत आहे आणि आपले खाते सुरू झाले का, हे या आठवड्यात ग्रंथालयात जाऊन विचारावे.