ज्वारीच्या तहानेचा हिशेब

रब्बी ज्वारी येते ती पावसाने मागे ठेवलेल्या ओलीवर. सोलापूर-अहिल्यानगरच्या काळ्या रानात सप्टेंबर-ऑक्टोबरात पेर झाली की काढणीपर्यंत जमिनीच्या पोटात असेल तेवढ्यावरच पिकाला निभवावं लागतं, आणि खरी ओढ बसते ती कणसात दाणा भरताना. पाऊस बेभरवशाचा झाल्यापासून ‘कमी पाण्यात येणारं वाण द्या’ ही मागणी वाढली आहे. मला ती अपुरी वाटते. पीक पाणी किती पितं याहून केव्हा पितं, यावर दाणा ठरतो.

हे ‘केव्हा’ नजरेला दिसत नाही. त्यासाठी लायसिमीटर लागतो. हैदराबादजवळ पाटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेतला लायसिमीटर म्हणजे मातीने भरलेली, २ मीटर खोल प्लास्टिकची नळी. मुळांना शेतासारखी खोली मिळते, आणि वर पसरलेल्या प्लास्टिकच्या मण्यांमुळे मातीतली ओल उडून जात नाही. ठरावीक दिवसांनी ही जड नळी साखळीच्या पुलीने रोपासकट उचलून तोलतात. जे वजन घटलं, ते रोपाने पानांवाटे सोडलेलं पाणी. क्वीन्सलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी दुष्काळातही पानं हिरवी राखणाऱ्या ‘स्टे-ग्रीन’ ज्वारीचं कोडं पाण्याच्या अशाच हिशेबातून उलगडलं: तिला फुटवे कमी, वरची पानं लहान, म्हणून फुलोऱ्याआधी वाचलेली ओल दाणे भरताना कामी येते.

पण पसारा लहान म्हणजे कडबाही कमी. दावणीला जनावरं असलेल्या शेतकऱ्याचा हा आक्षेप रास्तच आहे, आणि चांगल्या पावसाच्या वर्षी काटकसरी वाण मागे पडू शकतं हेही खरं. म्हणूनच सगळीकडे एकच वाण लावण्याचा हट्ट सोडायला हवा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने हलक्या जमिनीला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा सुचवली, ती दिशा योग्य आहे; उथळ रानातली ओल आधी संपते, तिथे काटकसर जास्त हवी. कुणी म्हणेल, मोहोळला १९३०च्या दशकात निवडलेली मालदांडी ३५-१ कुठल्या सेन्सरविना आली आणि आजही टिकून आहे. ती पारख थोरच. पण नुसत्या नजरेने वाण पारखायला हंगामामागून हंगाम जातात, आणि बदलतं हवामान आता तेवढी सवड देत नाही. ड्रोनवरचा कॅमेरा पानं किती तापली ते सांगेल, जनुक-संपादनाने हवा तो बदल करता येईल; मात्र कोणता बदल हवा, हे आधी नळ्या तोलूनच ठरवावं लागेल. विद्यापीठांनी ड्रोनच्या आधी त्यावर पैसा घालावा, आणि पाण्याच्या नोंदीशेजारी कडब्याचं वजनही लिहावं.