नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

आमच्या शहरात नवखा माणूस आला की नावे ऐकून हसतो. इथे एक कटकट दरवाजा आहे, एक लोटा कारंजा आहे आणि पश्चिमेला मिटमिटा आहे. खेड्यांकडे वळावे तर ‘बुद्रुक’ भेटतो. हा ओबडधोबड शब्द मूळचा फारसी ‘बुजुर्ग’, म्हणजे थोरला. त्याचा धाकटा भाऊ ‘खुर्द’. वडगाव, पिंपळगाव, चिंचोली यांना तर झाडांनीच नावे दिली.

हसून झाले की मात्र विचारले पाहिजे: ही नावे ठेवली कोणी? मराठीत ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ यांत अंतर एका मात्रेचे आहे.

गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी मलिक अंबर याने १६१०च्या सुमारास खडकी येथे हे शहर वसवले. त्याच्या मृत्यूनंतर, १६२६ साली, मुलगा फत्तेखान याने त्याचे फत्तेनगर केले. पुढे औरंगजेबाच्या नावाने औरंगाबाद झाले आणि २०२३ साली छत्रपती संभाजीनगर. मोगलांचे रजपूत सरदार करणसिंह, पदमसिंह, भावसिंह यांच्या नावांचे पुरे आजही आहेत: करणपुरा, पदमपुरा, भावसिंगपुरा. वसवणाऱ्याचे नाव मात्र शहराला लाभले नाही.

सरदाराच्या वस्तीला सरदाराचे नाव मिळाले. गाव झाडणाऱ्या, ढोरे ओढणाऱ्या माणसांच्या वस्तीला माणसाचे नाव मिळालेच नाही, जात मिळाली. पाटलाचा वाडा म्हणजे चौसोपी घर. महारवाडा, मांगवाडा म्हणजे गावकुसाबाहेरच्या झोपड्या. वाडा हा शब्द तोच! आपल्या ग्रामनामांतला सर्वांत क्रूर विनोद हाच. पाकिटावर पत्ता लिहिला की जातही लिहिली जाई.

डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने वस्त्यांची अशी जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे सुचवण्यात आली. निर्णय योग्यच आहे. पण पाटी बदलल्याने पाणवठा आणि स्मशान आपोआप खुले होत नाही, हे कार्यकर्त्याने विसरू नये.

नाव देण्याचा अधिकार आपण बजावला, तेव्हा काय घडले? १९५० साली बाबासाहेबांनी येथे महाविद्यालय काढले. त्याला मिलिंद हे नाव दिले आणि परिसराला नागसेनवन. प्रश्न विचारणारा ग्रीक राजा मिलिंद आणि उत्तर देणारा भिक्खू नागसेन. विद्यार्थ्यासाठी याहून चांगला पत्ता कोणता? २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला, तेव्हा मराठवाड्यात दलित वस्त्या पेटवल्या गेल्या, माणसे मारली गेली. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. ठराव आणि पाटी यांत साडेपंधरा वर्षे गेली.

नाव ही केवळ व्यवहाराची खूण आहे, त्यात माणूस सापडत नाही, असे नागसेनाने मिलिंदाला रथाचा दाखला देऊन पटवले होते. हे खरे मानावे, तर एका खुणेसाठी घरे का जाळली गेली? नाव ठेवण्याचा हक्क म्हणजे मालकी, हे जाळणाऱ्यांना पक्के ठाऊक होते. आपल्यालाही ते ठाऊक असले पाहिजे.