गाडी कोणाची, किल्ली कोणाकडे?

व्यापारी कुटुंबात गाडीची खरेदी हा बहुधा एका बैठकीत उरकणारा व्यवहार असतो. मॉडेल ठरते, शोरूममध्ये ओळख निघते, पेढीच्या नावावर कोटेशन येते आणि मुहूर्ताला गाडी दारात उभी राहते. परंतु घरातील एखादा सदस्य व्हीलचेअर वापरणारा असेल आणि त्याला हवी असलेली गाडी डांबरी रस्ता सोडून कच्च्या वाटेने जाणारी असेल, तर हाच व्यवहार उलट्या क्रमाने करावा लागतो. इंजिन, रंग आणि किंमत येथे शेवटी येतात. मोजपट्टी त्यांच्या आधी येते, आणि मोजपट्टीच्याही आधी हे ठरावे लागते की, ही गाडी त्या सदस्याला फिरवून आणण्यासाठी घ्यायची आहे की त्याने स्वतः चालवण्यासाठी.

कुटुंबाचा पहिला विचार मायेचा असतो. ड्रायव्हर ठेवू, मागच्या सीटवर आरामात बसावे, उगाच धोका कशाला, असे वडीलधारे म्हणतात. त्यात काळजी खरीच असते. पण अपघाताने किंवा आजाराने कमरेखालची शक्ती गमावलेला तरुण पेढीचा सगळा हिशेब एकहाती सांभाळत असला, तरी गोदामावर जाण्यासाठी त्याला ड्रायव्हर आणि उचलून बसवणारे दोन हात मोकळे होण्याची वाट पाहावी लागते. मालाची पारख, शेतकऱ्याशी बोलणी, बांधकामावरची देखरेख ही कामे हळूहळू इतरांकडे जातात. कोणी ती हिरावून घेत नाही, त्याच्या गैरहजेरीत ती आपोआप सरकतात.

चैन नव्हे, शेवटचा फर्लांग

अशा माणसाने फोर बाय फोर गाडी मागितली की तो हौसेचा विषय वाटतो. प्रत्यक्षात महाराष्ट्रातील व्यापाराची सगळी वाट पक्क्या रस्त्यावरून जात नाही. पाणंदी, मुरमाचे रस्ते, ओढ्यावरचे फरशी पूल, पावसाळ्यात चिखल झालेले गोदामांचे आवार यांतूनच माल येतो. चालणारा माणूस साधी मोटार डांबरी रस्त्याच्या कडेला लावून शेवटचा फर्लांग पायी जातो. व्हीलचेअरची पुढची लहान चाके मात्र चिखलात आणि खडीत पहिल्या हातभर अंतरातच रुततात. जेथे गाडी थांबते, तेथेच खुर्चीवरच्या माणसाचे काम थांबते. म्हणून इतरांसाठी जी हौस आहे, ती त्याच्यासाठी त्या शेवटच्या फर्लांगाची सोय आहे.

हे शक्य आहे का, याचे उत्तर जुनेच आहे. १९९५ मध्ये लष्करी प्रशिक्षणातील अपघातात मणक्याला दुखापत होऊन अपंगत्व आलेले कॅप्टन नवीन गुलिया यांनी २००४ मध्ये दिल्लीहून लडाखमधील मार्सिमिक ला ही अतिशय उंच खिंड ५५ तासांत स्वतः गाडी चालवत गाठली होती. प्रत्येकाने असा विक्रम करण्याची गरज नाही. हातांनी चालवलेली गाडी कठीण वाटेवर नेता येते, एवढे त्यातून सिद्ध होते.

मोजमाप खुर्चीपासून सुरू करावे

अशा खरेदीतील मूळ अडचण अशी की, जी उंची गाडीला दगडधोंड्यांवरून नेते, तीच उंची खुर्चीवरच्या माणसाला गाडीपासून दूर ठेवते. महिंद्रा थारचा ग्राउंड क्लिअरन्स २२६ मिलिमीटर, तर मारुती सुझुकी जिम्नीचा २१० मिलिमीटर आहे. सीट त्याहूनही बरीच वर असते. सामान्य व्हीलचेअरची बैठक जमिनीपासून साधारण ४५ ते ५० सेंटिमीटर उंच असते. समपातळीवर बाजूला सरकणे हातांच्या बळावर जमते, पण स्वतःचे सगळे वजन वर उचलत सरकणे खांद्यांना फार जड जाते. खुर्ची वापरणाऱ्याचे खांदे हेच त्याचे पाय असतात. ते दुखावले तर घरातले हिंडणेफिरणेही बंद पडते.

म्हणून शोरूममध्ये जाताना स्वतःची खुर्ची, तिच्यावरची रोजची गादी आणि मोजपट्टी सोबत न्यावी. गादीसह खुर्चीची उंची, गाडीच्या सीटची उंची, दार पूर्ण उघडल्यावर खुर्ची किती जवळ येते, मान वाकवल्यावर डोके छताच्या कडेला लागते का, आणि पाय आत घेताना गुडघा स्टिअरिंगला अडतो का, या पाच गोष्टी तपासाव्यात. तीन दारांच्या थारचे पुढचे दार लांब असल्याने खुर्ची सीटलगत आणता येते. पाच दारांच्या जिम्नीत ते तुलनेने आखूड आहे. ज्येष्ठांच्या सोयीसाठी हौसेने बसवला जाणारा फूटबोर्ड येथे अडथळा ठरतो, कारण तो खुर्चीला काही इंच दूरच रोखतो आणि सरकण्याची फळी तेवढी लांब पडते.

वर चढण्याचा प्रश्न फिरत्या किंवा खाली उतरणाऱ्या यांत्रिक सीटने सुटू शकतो. लहान मोटारींसाठी अशा सीट आता भारतात मिळू लागल्या आहेत, पण त्या बहुधा चालकाशेजारच्या जागेसाठी असतात. उंच गाडीत चालकाच्या जागी अशी सीट बसवायची असेल, तर ती त्याच मॉडेलमध्ये आधी बसवलेली प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. खुर्चीसकट आत जाण्यासाठी गाडीचा तळ कापून खाली घेण्याची परदेशी पद्धत या गाड्यांत चालत नाही. थार आणि जिम्नी शिडीसारख्या लोखंडी चासीवर उभ्या असतात आणि तळाखालून मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट फिरत असतो. तेथे कापण्याजोगी जागाच नसते.

हातात सगळे

पाय वापरता येत नसतील तर ऑटोमॅटिक गिअरची गाडीच घ्यावी. सर्वसाधारण हँड कंट्रोलमध्ये स्टिअरिंगखाली एक दांडा असतो. तो पुढे ढकलला की ब्रेक लागतो आणि ओढला किंवा फिरवला की वेग वाढतो. दुसरा हात स्टिअरिंगवर बसवलेल्या मुठीवर असतो. दोन्ही हात गुंतल्यावर फोर बाय फोरचा दांडा कोण हलवणार, अशी शंका येते. पण चढावासाठी आणि चिखलासाठी लागणारा लो रेंज गाडी उभी करून, न्यूट्रलमध्येच टाकायचा असतो. तेवढ्या वेळापुरता हात मोकळा मिळतो. चढावर गाडी मागे न सरकू देणारी आणि उतारावर वेग आपोआप आवरणारी यंत्रणा इतरांना सोयीची असते, येथे ती आवश्यक समजावी. हँड कंट्रोलचे ब्रॅकेट गुडघ्यावर येऊ नये आणि त्यासाठी एअरबॅग काढली जाऊ नये, ही अट फिटरला कोटेशनमध्येच लिहून द्यावी.

शरीराचा विचार यंत्राइतकाच बारकाईने करावा लागतो. मणक्याच्या दुखापतीत कंबरेखाली संवेदना नसते. गाडीतील गरम भागाला पाय टेकला तर चटका बसल्याचे कळत नाही, आणि निसटलेला पाय पेडलखाली जाऊ शकतो. म्हणून पाय पट्ट्याने बांधावेत आणि पेडलवर झाकण बसवावे. गचके खात गेलेल्या तासाभराच्या प्रवासाने बसण्याच्या जागी जखम होऊ शकते. घरी पोहोचल्यावर त्वचा पाहण्याची सवय ठेवावी. पोटाच्या स्नायूंचा आधार नसलेला माणूस तिरप्या वाटेवर एका बाजूला कलंडतो. त्याला साध्या पट्ट्याखेरीज छातीचा आधार आणि सीटला बाजूच्या उशा लागतात. दुखापत मानेच्या मणक्यात असेल तर घाम येण्याची क्रिया मंदावलेली असते, त्यामुळे त्याच्यासाठी वातानुकूलन ही आरोग्याची गरज आहे.

कर, कायदा आणि नाव

२२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवर १८ टक्के आणि मोठ्यांवर ४० टक्के जीएसटी आहे. ‘लहान’ म्हणजे लांबी ४,००० मिलिमीटरपर्यंत आणि पेट्रोल इंजिन १,२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल इंजिन १,५०० सीसीपर्यंत. थार आणि जिम्नी या दोन्ही गाड्यांची लांबी ३,९८५ मिलिमीटर, म्हणजे मर्यादेच्या आत आहे. पण जिम्नीचे पेट्रोल इंजिन १,४६२ सीसीचे आणि थारचे २.२ लिटरचे डिझेल इंजिन २,१८४ सीसीचे असल्याने दोन्ही ४० टक्क्यांत जातात. त्याआधी अस्थिव्यंग असलेल्या व्यक्तींना मोटारीवर जीएसटीची जी सवलत होती, तिलाही लांबीच्या आणि इंजिनाच्या याच मर्यादा होत्या. व्हीलचेअरवरचा माणूस शहरातल्या गुळगुळीत रस्त्यावरच फिरेल, असे नियमाने जणू गृहीत धरले होते. सवलतीच्या आशेने लहान इंजिनाची, फोर बाय फोर नसलेली गाडी घेणे हा मात्र खोटा हिशेब ठरतो. वाचलेला कर पहिल्याच पावसाळ्यात चिखलात अडकतो.

कायद्याची बाजू पूर्वीपेक्षा सोपी झाली आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने ‘रूपांतरित वाहन’ ही व्याख्या आली. अपंग व्यक्तीसाठी खास बनवलेले किंवा बदल केलेले आणि केवळ त्याच व्यक्तीने किंवा तिच्यासाठी वापरलेले वाहन, असा तिचा अर्थ आहे. कलम ५२ प्रमाणे मालकाला असा बदल आधी करून घेऊन नंतर आरटीओची मंजुरी घेता येते. ती मागण्यास विलंब करू नये. चालकाचा परवानाही रूपांतरित वाहनाचा लागतो. अपघातापूर्वीचा जुना परवाना खिशात आहे म्हणून गाडी काढणे धोक्याचे आहे. गाडीत केलेला बदल आरसीवर नोंदवला जाणे सर्वांत महत्त्वाचे. राष्ट्रीय महामार्गावरील टोलमाफी आणि मोटार विम्याच्या टॅरिफमधील स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावरची ५० टक्के सवलत या नोंदीवरच अवलंबून असतात. कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी वादाचे कारण होतो, म्हणून हँड कंट्रोलची किंमतही विम्यात लेखी धरून घ्यावी. कर्ज घ्यायचे असेल तर बदलाचे कोटेशन अर्जासोबतच जोडावे. गाडी आल्यावर त्या रकमेसाठी वेगळी धावपळ करावी लागत नाही.

आता नावाचा प्रश्न. पेढीच्या नावावर गाडी घेण्याची सवय घसाऱ्याच्या वजावटीसाठी पडलेली असते. पण चालकासह १३ जणांपर्यंतच्या प्रवासी वाहनावर पेढीला जीएसटीचे इनपुट क्रेडिट सामान्यतः मिळतच नाही. ते केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) ने रोखलेले आहे. म्हणजे सोडावा लागतो तो मुख्यतः घसारा. उलट व्यक्तीच्या नावावर गाडी असेल तर नोंदणीच्या अर्जात मालकीचा प्रकार ‘दिव्यांगजन’ असा लिहिता येतो. २०२० मध्ये फॉर्म २० मध्ये हा रकाना त्यासाठीच घालण्यात आला. दिव्यांग व्यक्तीला मालमत्ता बाळगण्याचा, आपले आर्थिक व्यवहार स्वतः पाहण्याचा आणि बँकेचे कर्ज मिळवण्याचा इतरांइतकाच हक्क आहे, असे २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाचे कलम १३ सांगते. कर्जाचा अर्जदार तोच असावा, हप्ता त्याच्याच खात्यातून जावा आणि कुटुंबाने हवे तर जामीनदार म्हणून उभे राहावे. ज्या घरात कर्ज आणि आरसी बुक भावाच्या नावावर असते, तेथे गाडी आज कोण नेणार हेही भाऊच ठरवतो, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही.

अडकल्यावर

कुटुंबाची भीती एका बाबतीत पूर्णपणे रास्त आहे. गाडी चिखलात रुतली तर चालणारा माणूस खाली उतरतो, चाकाखाली दगड सारतो किंवा मदत आणायला जातो. खुर्चीवरच्या माणसाला यातले काहीच जमत नाही. या भीतीवरचा उपाय शिस्त हा आहे, बंदी हा नव्हे. कच्च्या वाटेवर एकट्याने जाऊ नये, निघताना वाट आणि परतीची वेळ घरी सांगावी, ओढ्याला पाणी असेल तर परत फिरावे. पाणी, औषधे आणि चार्ज असलेला फोन चालकाच्या हाताशी असावा. घडी केलेली खुर्चीही मागच्या डिकीत न ठेवता सीटवरून हात पोहोचेल तेथे ठेवावी. दुसऱ्याने काढून दिल्याशिवाय खुर्ची मिळत नसेल, तर गाडी थांबल्यावर चालक जागीच कैद होतो.

फिटरचे सगळे पैसे एकदम देऊ नयेत. शेवटची रक्कम राखून ठेवावी आणि गाडी हाती येताच ज्या वाटेसाठी ती घेतली, त्याच वाटेने, गोदामापर्यंत किंवा शेतापर्यंत, न्यावी. सोबत कोणीतरी असावे, पण त्याने हात लावू नये. मालकाने स्वतः आत सरकावे, खुर्ची स्वतः घडी करून ठेवावी, गाडी नेऊन परत आणावी आणि स्वतः उतरावे. यातील जे जमले नाही ते दुरुस्त करून घ्यावे आणि मगच उरलेले पैसे चुकते करावेत. त्यानंतर गाडीची दुसरी किल्ली घरच्या कपाटात राहू द्यावी. पहिली त्याच्या खिशात असावी.