डावा कोपरा

गडचिरोली जिल्ह्यात एटापल्लीकडे धानाची कापणी-मळणी आटोपली की कबड्डीचे सामने लागतात. सुरजागडच्या खाणीतल्या लोहखनिजाचे ट्रक रात्रीही रस्त्यावर असतात, त्यांची लाल धूळ हॅलोजनच्या उजेडात तरंगत राहते. गेल्या थंडीत अशाच एका सामन्याला बसलो होतो. एका संघाच्या डाव्या कोपऱ्यात चाळिशी गाठलेला माणूस उभा होता. गुडघ्याला क्रेप बँडेज, पळणं जवळजवळ नाहीच. शेजारच्या पोराचा हात मात्र त्याच्या हातात. चढाईवाला आत आला की तो हात आवळायचा, म्हणजे थांब. बोटं सैल सोडली की झेप. पूर्ण डावात त्याने स्वतः एकच घोटा धरला. बाकीच्या पकडी पोरांच्या नावावर गेल्या, पण झाल्या त्याच्या बोटांवर.

‘हा गडी अजून किती वर्षं खेळेल?’ मी संघाच्या म्होरक्याला विचारलं.

‘तेच त भांडन हाये भाऊ. गाडीत दहाच जन मावते. बुढ्याले घेतलं त एक पोट्टं घरी ऱ्हायते. अन् नाही घेतलं त पोट्ट्यायले थांब म्हनन कोन?’

गाडीतल्या या दहा जागांना प्रो कबड्डीत पाच कोटी रुपये म्हणतात. २०१४ मध्ये लीग सुरू झाली तेव्हा सगळ्यात महाग खेळाडू होता राकेश कुमार, पाटण्याने त्याला १२ लाख ८० हजारांना घेतलं होतं. दहाव्या हंगामापासून प्रत्येक संघाची लिलावात खर्चायची थैली पाच कोटींची झाली. त्यात १८ ते २५ खेळाडू बसवायचे. एकावर दोन कोटी घातले की उरलेल्या तीन कोटींत अख्खा संघ. अशा वेळी संघाला तारतात ती स्वस्तात घेऊन घरीच वाढवलेली तरुण पोरं.

आता पुण्याचा डावा कोपरा बघा. इराणचा फझल अत्राचली हा २०१८ च्या लिलावात एक कोटीला पोचलेला पहिला खेळाडू, तेव्हा त्याला यू मुंबाने घेतलं. २०२२ मध्ये पुणेरी पलटणने त्याच्यासाठी १ कोटी ३८ लाख मोजले, त्याला कर्णधार केलं आणि संघ अंतिम सामन्यात गेला. तिथे जयपूरकडून ३३-२९ अशी हार. फझल तेव्हा तिशीत होता. पुढच्याच लिलावात पुण्याने त्याच जागेसाठी दुसरा इराणी घेतला, विशीतला मोहम्मदरझा शादलुई, २ कोटी ३५ लाखांना. निम्म्याच्या आसपास थैली एका माणसावर! मला तेव्हा हा वेडेपणा वाटला होता. पण पुण्याकडे अस्लम इनामदार, मोहित गोयत, आकाश शिंदे, पंकज मोहिते अशी आधीच सांभाळलेली पोरं होती, म्हणून हा जुगार परवडला. १ मार्च २०२४ ला हैदराबादला हरियाणावर २८-२५ अशी मात करून, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अस्लमच्या नेतृत्वाखाली पुण्याने पहिल्यांदा चषक उचलला.

आणि लगेच शादलुईला सोडलं. त्याला हरियाणाने २ कोटी ७ लाखांना घेतलं. त्या वर्षी हरियाणा विजेता झाला, पुणे पहिल्या सहांतही नव्हतं.

फझलचा भाव मात्र २०२३ मध्ये गुजरातकडे १ कोटी ६० लाखांवर जाऊन पुढच्या वर्षी बंगालकडे ५० लाखांवर आला. आकड्यांपुरतं बोलायचं तर गडी संपला होता. पण ३१ ऑक्टोबर २०२५ ला दिल्लीत लीगचा अंतिम सामना झाला, दबंग दिल्लीने पुण्याला ३१-२८ असं हरवलं. दिल्लीच्या बचावात तेहतीस वर्षांचा फझल होता.

पकड करणारा असा टिकतो, कारण त्याचं काम अर्धं डोळ्यांचं असतं. चढाईवाल्याचं तसं नाही. चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई २०१८ मध्ये यू मुंबाकडून ३६ लाख ४० हजारांत खेळला आणि पहिल्याच हंगामात चढाईचे दोनशेवर गुण घेऊन गेला. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने त्याला १ कोटी ४५ लाखांना नेलं. मग खांदा दुखावला, आणि २०२२ मध्ये भाव २० लाख. पुढच्या वर्षी हरियाणाने पुन्हा एक कोटी लावले. माणूस तोच, चढाई तीच. खांद्याबद्दल लिलावाच्या टेबलावर त्या दिवशी काय वाटलं, एवढाच फरक.

महागडा जुना गडी मर्यादित थैलीत बसवायला अमेरिकन फुटबॉलवाल्यांनी पळवाट काढली आहे. तिथे १९९४ पासून पगाराला कडक मर्यादा आहे, पण करार करताना दिलेला बोनस हिशेबात पुढच्या वर्षांवर वाटून टाकता येतो. म्हातारा तारा आज स्वस्त दिसतो. त्याला काढलं की उरलेली रक्कम एकदम संघाच्या मर्यादेत येऊन पडते. तिला ते मेलेला पैसा म्हणतात. माणूस घरी बसलेला, पैसा मैदानावर!

एटापल्लीत पोरांची ये-जा पैशावर ठरत नाही. कोणी पोलीस भरतीच्या सरावाला गडचिरोलीत राहायला जातो, कोणाला खाणीत पाळी लागते, कोणाचं लग्न ठरतं. त्या रात्री ज्याचा हात बुढ्याच्या हातात होता, तो पोरगा यंदा भरतीच्या मागे आहे. गाडीत एक जागा मोकळी झाली आहे. बुढा येतो. त्याच्या शेजारी सतरा वर्षांचं नवं पोर उभं करतात, आणि बोटं सैल सुटायच्या आधीच ते दोनदा झेप घेऊन बाद झालं आहे.