आपोआप जुळणारा तुंबा

चारही चाकांना गती देणारी गाडी चिखलात रुतली असता चालक पुढील चाकांची दांडी ओढतो आणि आता चारही चाके काम करतील, असे गृहीत धरतो. पुष्कळदा तसे घडतेही. परंतु जुन्या गाड्यांत कधीकधी असे आढळते की, दांडी आपल्या जागी बसली आहे, समोरचा दिवाही लागला आहे, आणि तरी पुढील चाके स्वस्थ असून मागील चाके तेवढी चिखल उडवीत आहेत. असे का व्हावे? याचे उत्तर पुढील चाकांच्या मध्यभागी दडलेले असते.

बैलगाडीच्या चाकाचा जो मधला भाग कण्यावर बसतो त्यास तुंबा म्हणतात. मोटारीच्या कारखान्यात त्याचेच नाव हब. बैलगाडीचा कणा स्थिर असतो व तुंबा त्याच्याभोवती मोकळा फिरतो. मोटारीच्या चालक चाकांत याउलट आस फिरतो आणि चाकाला आपल्याबरोबर फिरवितो. चारही चाकांना गती देणाऱ्या गाडीच्या पुढील तुंब्यांनी हे दोन्ही धर्म पाळावे लागतात. चिखलात ते आसाशी जखडले पाहिजेत, आणि चांगल्या रस्त्यावर मोकळे फिरले पाहिजेत.

दुसऱ्या महायुद्धातील जीप गाड्यांत मोकळे होण्याची सोय नव्हती. रस्ता कसाही असो, पुढील चाकांबरोबर आस, दंतचक्रे आणि लांब दांडा ही सारी विनाकारण फिरत व झिजत. १९४८ साली अमेरिकेतील सिॲटल शहरी आर्थर वॉर्न यांनी अशा जीपांसाठी हाताने जोडण्याचे व सोडविण्याचे तुंबे तयार करण्यास आरंभ केला. मात्र त्यासाठी चालकाला खाली उतरावे लागे, आणि तेही बहुधा चिखलात. ही गैरसोय टाळण्याकरिता पुढे आपोआप जुळणारे तुंबे प्रचारात आले. फोर्ड कंपनीच्या १९८३ ते १९९० या काळात निघालेल्या ब्रॉन्को टू या गाडीत ते आढळतात. पुढील विवेचन मुख्यतः तिच्या आरंभीच्या वर्षांतील गाड्यांना अनुसरून केले आहे.

रचना व कार्य

आसाभोवती एक न फिरणारी जाड नळी असते. तिला स्पिंडल म्हणतात. आसाच्या टोकावर दात असलेले एक कडे बसविलेले असते. ते आसाबरोबर फिरते, परंतु आसावर मागेपुढे सरकूही शकते. कड्यालगत उतरत्या कडेचा कॅम असतो आणि स्पिंडलच्या बाजूने त्याच्यावर घर्षणाचा थोडा अडसर असतो. आस फिरू लागला की अडसरामुळे कॅम किंचित मागे रेंगाळतो. या रेंगाळण्यामुळे कडे कॅमच्या चढावर सरकते आणि त्याचे दात तुंब्याच्या आतील दातांत बसतात. येथून पुढे आस व चाक एकच होतात. सोडवणूकही याच तत्त्वाने होते. दांडी पुन्हा दोन चाकांवर आणून गाडी सरळ रेषेत सुमारे ३ मीटर मागे घेतली की कडे चढावरून उतरते व स्प्रिंग त्यास मूळ जागी नेते.

एक तुंबा बिघडला तर निदान दुसरे चाक तरी ओढील, असे कोणास वाटेल. तसे होत नाही. पुढील दोन आसांमधील डिफरन्शियल दोन्ही बाजूंना सारखाच जोर देते. एका बाजूचा आस तुंब्यात नुसताच फिरू लागला, तर दुसऱ्या बाजूसही जोर उरत नाही. म्हणजे एक तुंबा निकामी झाला की पुढील दोन्ही चाके निकामी होतात. दिव्याला याचा पत्ता नसतो, कारण तो गियरपेटीची स्थिती दाखवितो, तुंब्याची नव्हे.

दोष कसा ओळखावा

मागील चाकांना पुढून व मागून अडण लावावी. पुढची बाजू उचलून भक्कम आधारावर ठेवावी. केवळ जॅकवर विसंबू नये. इंजिन बंद ठेवून दांडी दोन चाकांवर आणावी आणि पुढील आसाकडे जाणारा लांब दांडा हाताने एकाच दिशेने फिरवावा. दुसऱ्या माणसाने आधी डावे व मग उजवे चाक धरून ठेवावे. ज्या बाजूचा आस फिरतो पण चाक फिरत नाही, त्या बाजूचा तुंबा सदोष समजावा.

दुरुस्ती

बहुतेक वेळा दोष मोडतोडीचा नसून घट्ट झालेल्या ग्रीसचा वा आत शिरलेल्या पाण्याचा असतो. कडे सरकण्यासाठी लागणारा जोर थोडाच असल्याने एवढा अडथळाही त्यास पुरतो. चाक काढून बोल्टांवरील पातळ चकत्या काढल्या की तुंब्याचा बाहेरील भाग ओढून निघतो. आत आसाच्या टोकाशी स्प्रिंगची कडी, चकत्या, सुयांचे बेअरिंग व कॅम असतात. निघालेला प्रत्येक भाग त्याच क्रमाने स्वच्छ कापडावर मांडावा. सर्व भाग रॉकेलने धुऊन कोरडे करावे. ब्रेकच्या तबकडीवर मात्र त्याचा थेंबही पडू देऊ नये. कॅमची कड झिजली असेल किंवा तडकली असेल, तर नवा कॅम बसविणे हाच उपाय होय. जोडताना ग्रीसचा केवळ पातळ थर द्यावा. बेअरिंगप्रमाणे तुंबा ग्रीसने भरला, तर काढलेला दोष आपणच परत आणला असे होईल.

खरी सावधगिरी यापुढे आहे. कॅम ज्या नटावर बसतो, तोच नट चाकाच्या बेअरिंगांना जागी धरतो. चाक फिरवीत तो प्रथम ४७ न्यूटन-मीटर जोराने आवळावा. एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाशी सुमारे पावणेपाच किलोग्रॅम वजन टांगल्याइतका हा जोर आहे. मग नट पाव फेरा सैल करून पुन्हा केवळ १.८ न्यूटन-मीटर, म्हणजे त्याच टोकाशी पाव किलोग्रॅमहून कमी वजन टांगल्याइतका, आवळावा. नटाची सर्वांत जवळची खाच स्पिंडलच्या खाचेसमोर नेमकी आणून चावी बसवावी. चावी ठोकून बसविल्यास कॅमची जीभ मोडते. नट फार घट्ट राहिला तर बेअरिंग तापते, फार सैल राहिला तर चाक डगमगते. इतर गाड्यांचे आकडे निराळे असतात. ते त्या त्या गाडीच्या माहितीपुस्तकातूनच घ्यावे.

जोडणी झाल्यावर वर सांगितलेली परीक्षा पुन्हा करावी. रुतलेली गाडी पुढेमागे झुलवून काढण्याची सवयही सोडावी, कारण दिशा बदलताना दर वेळी तुंबा सुटतो व धक्क्याने पुन्हा जुळतो. ज्यांना हा भरवसा पुरेसा वाटत नाही, ते हाताने जोडण्याचे तुंबे बसवून घेतात. कोणताही तुंबा असो, त्याची परीक्षा घरच्या अंगणात करावी. ती चिखलात होण्याची वाट पाहू नये.