काचपेटीतले शेजारी

गुरुजी, शाळेत माशांची काचपेटी आली, की मुले ओढ्यात सापडेल तो जीव आणून तीत सोडतात. सकाळी पाहावे तो मरळीचे पिल्लू तेवढे टुमटुमीत, बाकीचे बेपत्ता! दोष मरळीचा नव्हे; ती शिकार करणारीच जात. निवड आपली चुकली.

सोबती निवडताना तीन गोष्टी पाहाव्या. पहिली, तोंड: ज्याच्या तोंडात दुसरा मावेल, त्याच्याजवळ तो ठेवू नये. दुसरी, स्वभाव: लढाऊ माशाचे दोन नर एकत्र आले, की एकमेकांचे पर फाडतात. तिसरी, वाढ: सोनेरी मासा आज बोटाएवढा, पण पुढे वीतभर होतो आणि पाणीही फार घाण करतो.

40 लिटरच्या पेटीत सहा गप्पी आणि दोन-तीन गोगलगायी सुखाने नांदतात. काचेवरचे शेवाळ गोगलगायी खातात. गप्पी मात्र सगळे नरच घ्या, नाहीतर थोड्याच महिन्यांत पिलांनी पेटी भरेल. आणि जीव जास्त झाले, तरी ओढ्यात सोडू नका बरे! गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेचा. असे परके पाहुणे आपल्या ओढ्यातल्या माशांच्या तोंडचा घास काढून घेतात.