दीड लाखाची शेगडी

नांदेडच्या आमच्या घराचे स्वयंपाकघर गेल्या वर्षी दिवाळीनंतर पाडून नव्याने बांधायला काढले. बँकेतल्या नोकरीत मी ट्रॅक्टरपासून तेलघाण्यापर्यंत नाना तऱ्हेची कर्जप्रकरणे हाताळली. पण एका शेगडीने मला जितके घोळवले, तितके त्यातल्या एकाही प्रकरणाने घोळवले नव्हते.

सुरुवात मुलाने केली. मोबाइलवर त्याने एक चित्र दाखवले. नव्वद सेंटिमीटर रुंदीची परदेशी बनावटीची शेगडी, वर पाच बर्नर, खाली प्रशस्त ओव्हन, पितळी बटणे. किंमत दीड लाखाच्या पुढे. "आई, आयुष्यात एकदाच घ्यायची वस्तू आहे," तो म्हणाला. हे वाक्य मी कर्जदारांच्या तोंडून इतक्यांदा ऐकले आहे की, ते कानावर पडताच माझा हात आपोआप कॅल्क्युलेटरकडे जातो.

तरी आम्ही तिघे, मुलगा, सून आणि मी, नांदेडमधल्या एका मोठ्या दुकानात गेलो. विक्रेता तरुण आणि चटपटीत होता. तो जे काही सांगत होता ते सगळे मुलाकडे बघून. "सर, हे बघा. सर, ही काच बघा." शेगडीपुढे रोज उभ्या राहणाऱ्या दोघी बाजूलाच होतो, पण त्याच्या लेखी आम्ही सोबतीला आलेल्या. शेवटी न राहवून मी विचारले, "यावर ज्वारीची भाकरी फुगेल का?" तो हसला. "मॅडम, यात तर पिझ्झासुद्धा होतो!"

प्रश्न मस्करीचा नव्हता. भाकरी थापून पिठाची बाजू वर ठेवून तव्यावर टाकायची, वरून पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकू लागले की उलटायची आणि शेवटी तवा बाजूला करून थेट आचेवर शेकायची. या शेवटच्या अर्ध्या मिनिटात ती फुगते, पापुद्रा सुटतो. बर्नरचे कडे फार रुंद असेल, तर कडा करपतात आणि मधला भाग पांढराच राहतो.

घरी आल्यावर मी माझ्या जुन्या सवयीने कागद घेऊन बसले. परदेशी शेगडी नळाने येणाऱ्या नैसर्गिक वायूसाठी बनवलेली असेल, तर आपल्या सिलिंडरच्या गॅसला तिचे जेट बदलून घ्यावे लागतात. ओट्यात बसवायची शेगडी असेल, तर तिच्या मापाने दगड कापावा लागतो. उद्या ती बिघडली की, त्याच मापाची दुसरी शोधत हिंडा. ज्योत विझली तर गॅस आपोआप बंद करणारी सोय मात्र अवश्य हवी. दूध उतू जाऊन ज्योत विझणे कोणत्या घरात होत नाही? आणि आपल्याकडच्या घरगुती शेगडीच्या मानकाप्रमाणे उष्णतेचा किमान ६८ टक्के वापर व्हायला हवा. पितळी बटणांचा या हिशेबात कुठेच उल्लेख नसतो.

हिशेब करता करता सासूबाई आठवल्या. औसा तालुक्यातल्या गावात त्यांनी सारा जन्म चुलीपुढे काढला. तुराट्या आणि गोवऱ्यांच्या धुराने त्यांचे डोळे कायम लाल असत आणि खोकला तर घरातल्या घड्याळासारखाच झाला होता, तो चालूच आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नसे. घरातल्या धुराने २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आकडा वाचला, तेव्हा मला त्यांचा तो खोकलाच ऐकू आला. त्या हयात असताना नव्वदीच्या दशकात मी लातूरच्या शाखेत होते. टीव्ही, फ्रिज, स्कूटरच्या कर्जांचे अर्ज माझ्या टेबलावरून जात. अर्जदार बहुतेक पुरुष. मीही मिळवती होते, पण आमच्या गावच्या घरी आधी आला तो रंगीत टीव्ही. गॅस त्यानंतर तीन वर्षांनी आला. "आत्याबाई, तुम्हाला आधी काय हवं?" असे त्यांना कुणी विचारलेच नाही. मीसुद्धा नाही.

महागड्या शेगड्यांच्या इतिहासात एक गोष्ट सांगतात. स्वीडनचे शास्त्रज्ञ गुस्ताफ दालेन यांना १९१२ साली भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. त्याच वर्षी एका स्फोटात त्यांची दृष्टी गेली. घरी राहणे भाग पडले, तेव्हा पत्नीला चुलीपाशी किती राबावे लागते हे त्यांना उमगले. मग त्यांनी बिडाची, सतत तापलेली राहणारी, फारसे लक्ष द्यावे न लागणारी 'आगा' शेगडी तयार केली. साल १९२२. श्रीमंतांच्या घरात ती आजही मिरवते. डोळे होते तोवर त्यांना हे कष्ट दिसले नसावेत, याचे मला फारसे नवल वाटत नाही.

सुनेचे माहेर लातूरचे. संक्रांतीला तिकडे गेलो, तेव्हा गंजगोलाईजवळच्या एका जुन्या दुकानात मी सरळ अट घातली, "चालवून दाखवा, मग बोलू." दुकानदार काका दिलदार निघाले. सिलिंडर जोडला. सुनेच्या आईने डब्यात पीठ दिले होतेच. सून दुकानातच परात मांडून बसली. पाच बर्नरच्या भारी शेगडीवर भाकरी कडांनी करपली. साध्या तीन बर्नरच्या शेगडीवर, मधल्या लहान बर्नरवर, ती टम्म फुगली. गिऱ्हाइके जमली होती. काकांनी अर्धी भाकरी मोडून खाल्ली आणि म्हणाले, "ताई, आजवर असं गिऱ्हाईक आलं नव्हतं." मी मुलाकडे विजयी मुद्रेने पाहिले.

परतीच्या वाटेवर मुलगा पुढे गाडी चालवत होता. सून हळूच म्हणाली, "आई, रागावणार नसाल तर सांगते. मला तो ओव्हन हवा होता."

मी बघतच राहिले. मग एकेक कळत गेले. २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष होते. त्या वर्षी तिच्या शाळेत कार्यक्रम झाला, तेव्हापासून ती एका सहशिक्षिकेच्या घरी ज्वारीची बिस्किटे करायला शिकत होती. पुढेमागे ती विकावीत, असा विचार होता. घरात ओव्हन नव्हता आणि मागायचा कसा, हा संकोच. "तुम्ही भाकरीचंच विचारत होतात," ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती, म्हणून ते जास्त लागले.

विक्रेत्याने मला विचारले नाही, याचा मला राग आला होता. मी तरी तिला कुठे विचारले? मी स्वयंपाकघराच्या वतीने बोलत होते, म्हणजे माझ्या स्वयंपाकघराच्या. तिच्या मनात दुसरेच काही असू शकते, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हते.

शेवटी तीच तीन बर्नरची शेगडी घेतली आणि विजेचा ओव्हन वेगळा. तो छातीच्या उंचीवर बसवला, म्हणजे वाकायला नको, आणि त्याला सोळा अँपिअरची स्वतंत्र लाइन ओढली. सारे मिळून दीड लाखाच्या निम्म्यातही आले नाही. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेत गॅसची जोडणी घरातल्या बाईच्या नावाने मिळते. ते मला फार योग्य वाटत आले आहे. तेव्हा बिल आणि हमीपत्र सुनेच्या नावाने करायला सांगितले. दुकानदाराने नाव विचारले, तेव्हा तिने माहेरचे की सासरचे, म्हणून माझ्याकडे पाहिले. म्हटले, "तुला हवं ते सांग."

पहिली बिस्किटे खालून करपली. दुसऱ्या खेपेला मधे कच्ची राहिली. तिसऱ्या खेपेची मुलाने डबा भरून कचेरीत नेली. पहिली दोन्ही ताटे मात्र आम्ही दोघींनी चहात बुडवून संपवली.